दादासाहेबांची दाढी

१

दादासाहेब ठोंबरे यांची दाढी शेवटी काढली गेली, सिंधूताई आपल्या स्टुलावर परत बसल्या आणि गुन्हेगाराला चौघांनी उचलून टेम्पोत घातलं. सगळं नीट पार पडलं.

आता यातलं काहीही घडलेलं नाही असं समजून पुढे जाऊ. सिंधूताई घरी पडून आहेत, स्टूल रिकामं आहे, गुन्हेगार आपल्या जागी मजेत आहे आणि दादासाहेबांची दाढी वाढते आहे.

दादासाहेबांना वारून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना दाढी येते आहे ही बातमी सुरुवातीला कुणी मनावर घेतली नाही. ठोंबरे वस्तुसंग्रहालय हे नागपुरातलं असं ठिकाण, की त्याचा पत्ता सांगताना शेजारच्या रसवंतीची खूण द्यावी लागे. आत दंडार या लोकनाट्याचे लाकडी मुखवटे होते, जुनी लुगडी होती, पगड्या होत्या, आणि तीन नंबरच्या दालनात संस्थापक दादासाहेबांचं माणसाच्या उंचीचं तैलचित्र होतं. चित्रातले दादासाहेब तुळतुळीत. हयातभर त्यांनी एक दिवसही दाढी वाढू दिली नव्हती, असं चित्राखालच्या पाटीवर त्यांच्या इतर कर्तृत्वासोबत नमूद होतं.

एप्रिल संपता संपता त्यांच्या हनुवटीवर पांढरं काहीतरी उगवलं. मे लागला तेव्हा ते दाट झालं. मऊ, लवदार, कडेला हिरवट झाक. शेजारच्या मुखवट्यांपैकी रावणाच्या गालावरही वांग आल्यासारखे डाग पडले, पण रावणाकडे कोण बघतं.

धंतोलीत पेशंट दाखवायला आलेलं कुहीचं एक कुटुंब, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत सावली म्हणून संग्रहालयात शिरलं. त्यातल्या आजींनी दादासाहेबांची दाढी पाहिली, खालची पाटी नातवाकडून वाचून घेतली आणि जागच्या जागी हात जोडले. पुढच्या आठवड्यात चित्रापुढे नारळ होते. मेलेल्या माणसाला दाढी येते, चित्राला गोड वास येतो, आणि कान देऊन ऐकलं तर दादासाहेबांच्या छातीतून टक, टक, टक असं ऐकूही येतं, असं लोक एकमेकांना सांगू लागले. वास खरोखरच येत होता. टकटकही होती.

दालनाची राखण करणाऱ्या सिंधूताईंना मात्र श्वास येत नव्हता.

२

सिंधूताई त्या दालनात अठरा वर्षं बसत होत्या. धंतोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं की हवेतून बुरशीची बारीक पूड छातीत जाते आहे आणि छातीला ती अजिबात पटलेली नाही. घरी राहिल्या तर बऱ्या होतील. ही पूड कुठून येते ते कळेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

पूड कुठून येते याबद्दल संग्रहालयाचे अधीक्षक मनोहरराव यांना शंका नव्हती. बुरशीला पाणी लागतं. दालनात नळ नाही, खिडक्या कायमच्या बंद, छत कोरडं. पाणी आत नेणारी एकच गोष्ट, ती म्हणजे सिंधूताईंचा पोछा. फरशी कोरड्या झाडूनेच झाडावी असा लेखी नियम होता. तेव्हा येत्या शनिवारी विश्वस्तांच्या बैठकीत असं ठरायचं होतं की चित्राचं नुकसान सिंधूताईंच्या निष्काळजीपणाने झालं आणि त्यांची बदली कायमची गेटवर करावी. गेटवरची खोली टिनाची होती. मे महिन्यात तिथे बसणं म्हणजे तव्यावर बसणं, फक्त तव्याला निदान कुणी उलटवायला येतं.

"अठरा वर्षं मी त्या मुखवट्यांची धूळ पुसली," सिंधूताई घरी म्हणाल्या, "अन् आता मले म्हणतेत का तूच खराब केलं." एवढंच म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. नवरा धम्मानंद त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मुलगी रोशनी उठून बाहेर आली. तिने कारखान्यात फोन करून आठवड्याची रजा टाकली.

रोशनी हिंगण्याच्या एका ब्रेडच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होती. तिचं काम म्हणजे ब्रेडवर बुरशी कधी येते, कोणती येते आणि कोणामुळे येते हे शोधणं. तिने आजवर पॅकिंगवाले पकडले होते, मैद्याची गोदामं पकडली होती, एकदा तर एका सुपरवायझरची चप्पल पकडली होती. दादासाहेब हा ब्रेड नव्हता, पण अगदीच वेगळाही नव्हता.

३

मनोहररावांनी तिला आपल्या कार्यालयात बसवलं. आलेल्या माणसाला कूलरसमोरची खुर्ची द्यायची ही नागपुरातली रीत, ती त्यांनी पाळली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. त्या खुर्चीत बसल्यावर रोशनीला आपल्याला दोन कान आणि एक मान असल्याची जाणीव सकाळपासून पहिल्यांदाच झाली. अख्ख्या इमारतीत ही खोली सगळ्यात गार होती. मनोहररावांना त्याचा अभिमान होता. ते म्हणत की जुन्या बंगल्यांची बांधणीच तशी, आजकालच्या इंजिनियरांना ते जमायचं नाही.

त्यांचं सगळं बोलणं वरच्या पट्टीत चालायचं आणि मध्ये मध्ये खोकला यायचा. खोकला सावजीच्या रश्श्याचा, असं त्यांचं म्हणणं. दोन महिने रस्सा बंद करूनही रश्श्याचा खोकला गेला नव्हता, इतका तो रस्सा तिखट होता.

सिंधूताई वाईट बाई नाहीत, पण पोछा ओला असतो, आणि याउपर मनोहररावांना काही सांगायचं नव्हतं. दालनात किंवा आसपास पाण्याची दुसरी काही सोय आहे का, असं रोशनीने विचारलं. एक थेंबही नाही, असं मनोहरराव कूलरकडे पाठ करून म्हणाले.

दुसरे मार्तंडराव, दादासाहेबांचे नातू आणि विश्वस्त. त्यांना दाढी काढायचीच नव्हती. आजोबांच्या हयातीत संग्रहालयाला इतकी माणसं आली नव्हती, जितकी आजोबांना दाढी आल्यावर आली. चेहरा बदलल्याचं दुःख आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले की चेहरा तसाही पूर्वीचा राहिलेला नव्हता. गेल्या दिवाळीत रंगरंगोटीच्या वेळी चित्र खाली काढलं तेव्हा हनुवटीत खुर्चीचा पाय घुसला होता, मग घरच्या घरी मागून कापड लावून ठीकठाक केलं. पाण्याचं विचारताच तेही म्हणाले, तिथे कुठलं पाणी.

तिसरा केशव, संग्रहालयाचा वीजमिस्त्री, सुतार, चहावाला आणि गरज पडल्यास मार्गदर्शक. तीन नंबरच्या दालनात हवेतला ओलावा शोषून घेणारं एक यंत्र होतं. मार्तंडरावांनी ते मुंबईहून आणून देणगीदाखल दिलं होतं. मुंबईत त्याला काम असतं. नागपुरात पावसाळ्याचे महिने सोडले तर त्याने बसून राहायला हवं होतं, पण त्याच्यावर देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी असल्यामुळे ते बारा महिने चालू ठेवावं लागे.

"यंत्र एक नंबर चालू हाये, ताई," केशव म्हणाला. "रोज बादली भरते. आजची पण भरूनच राहिली. अन् मी त्यातला थेंब वाया जाऊ देत नाही."

रोशनीने मान हलवली. एकीकडे काहीतरी खुपलं, पण तेवढ्यात तिलाच शिंक आली, आणि खुपलेलं निसटलं.

४

रोशनीने कारखान्यातून बिनऔषधाच्या ब्रेडचा एक पुडा आणला. ज्या ब्रेडमध्ये टिकवायचं औषध नसतं, त्यावर हवेतली बुरशी बिनदिक्कत उतरते, पण ब्रेड ओलसर राहिला तरच. वाळला तर बुरशीही नाद सोडते. तिने स्टीलच्या थाळ्यांमध्ये एकेक स्लाइस ठेवून प्रत्येक दालनात एकेक थाळी मांडली. तीन नंबरमध्ये मात्र तीन: दाराशी, मधल्या फरशीवर, आणि दादासाहेबांच्या पायाशी आईच्या रिकाम्या स्टुलावर. स्वतः तोंडाला घट्ट मास्क लावला आणि सगळ्यांना लावायला दिले. मार्तंडरावांनी तो हनुवटीखाली लावला, जिथे दादासाहेबांना त्याची जास्त गरज होती.

संग्रहालयात येणाऱ्यांनी स्लाइसांना आदराने घेतलं. एक नंबरच्या दालनात एक गृहस्थ थाळीसमोर बराच वेळ उभे राहून सोबतच्या माणसाला म्हणाले की हा इंग्रजांच्या काळातला असावा. तीन नंबरमधल्या एका थाळीला संध्याकाळपर्यंत हळदकुंकू लागलं होतं. दोन नंबरमधला स्लाइस गायब झाला. त्याबद्दल आपल्याला काही माहीत नसल्याचं केशवने तोंडातला घास गिळून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दालनात आली तर मार्तंडराव चित्रापुढे वाकलेले. हातात फवाऱ्याची बाटली. दादासाहेबांच्या हनुवटीवर ते बारीक पाणी मारत होते.

तिला बघून त्यांनी बाटली पाठीमागे नेली. मग पाठीमागून पुढे आणली, कारण ती गळत होती.

५

गुलाबपाणी होतं. मार्तंडरावांनी सगळं कबूल केलं, खरं तर विचारलं त्यापेक्षा जास्त. दाढी उन्हाने झडू नये म्हणून ते रोज दुपारी येत. एकदा लहान कंगवाही फिरवून पाहिला होता. त्या दिवशी सिंधूताईंना फार ठसका लागला होता, पण दोन्ही गोष्टींचा संबंध त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

बुरशीला कंगवा करणं म्हणजे तिच्या बिया मुठीने उधळणं, हे रोशनीने त्यांना समजावलं. ते ऐकून मार्तंडरावांनी बाटली आणि कंगवा दोन्ही तिच्या हवाली केले. पण गुन्हेगार ते नव्हते. त्यांनी गुलाबपाणी सुरू केलं ते दाढी आल्यावर. दाढी नसताना कोणी दाढीची काळजी घेत नाही. ती पहिल्यांदा आली ती दुसऱ्याच कुठल्यातरी पाण्यावर.

संध्याकाळी घरी तिने आईला हे सांगितलं. आई आता बरीच सुधारली होती. सलग वाक्य बोलत होती, आणि भाजीत मीठ कमी आहे हे धम्मानंदला न थांबता सांगू शकत होती. पण मार्तंडरावांचं ऐकून तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाली:

"रोशनी, मीच केलं वं ते."

६

धम्मानंदने रेडिओ बंद केला.

"काय केलं?" रोशनीने विचारलं.

"ओला पोछा. कोरडा झाडू मारला का धूळ नाकात जाते, खोकला धरते. म्हणून साहेब जेवायले गेले का मी ओला पोछा मारून घेत होती. नियम मले मालूम होता." त्यांनी पदर सोडला. "शनिवारी जातो अन् सांगून टाकतो. खोटं काहून बोलू?"

"शनिवारपर्यंत कोणाले काही सांगू नको."

"अन् सांगितलं तं?"

"तं गेटवर बसशीन. टिनाच्या खोलीत. अन् ज्यानं हे केलं तो तसाच राहीन, अन् रावणाचं तोंड खाऊन झालं का लुगड्यांवर येईन."

लुगड्यांचं नाव काढल्यावर सिंधूताई सरळ बसल्या. त्या दालनातलं एकेक लुगडं कुणी नेसलं होतं, कुठल्या गावचं, कोणत्या लग्नातलं, हे त्या बघणाऱ्यांना सांगत. संग्रहालयाच्या पाट्यांवर यातलं काहीच नव्हतं. निम्मं त्यांनी रचलेलं होतं, पण लुगड्यांची काही तक्रार नव्हती.

"मी तिथं दादासाहेबांपाशी काहून बसतो, मालूम हाये?" त्या म्हणाल्या. "अख्ख्या दालनात तेवढीच जागा थंडी हाये. वरून हळूच वारा येते. दादासाहेबांची कृपा म्हणतो मी तं."

रोशनी रात्रभर त्या वाऱ्याचा विचार करेल असं कुणाला वाटेल. ती गाढ झोपली. विचार सकाळी बसमध्ये केला.

७

शुक्रवारी तिने आईचाच पोछा आणि आईचीच बादली घेऊन तीन नंबरच्या दालनाची मधली फरशी ओली केली, थाळीच्या चारी बाजूंनी, अगदी हात सैल सोडून. कपडा पिळून वळेपर्यंत फरशी कोरडी. मे महिन्यात नागपुरात धुतलेला टॉवेल दोरीपर्यंत नेईतो वाळतो. फरशीवरचं बोटभर पाणी कुणाच्या हनुवटीपर्यंत चढायला थांबणार? मधल्या थाळीतला स्लाइस आधीच इतका वाळला होता की तिने तो उचलला तर कडकन दोन तुकडे झाले. दाराशी असलेलाही तसाच. इतर दालनांतले सगळे टोस्ट झाले होते, चहात बुडवायच्या लायकीचे.

स्टुलावरचा स्लाइस मऊ होता.

इतक्या दिवसांनी, उघड्यावर, मे महिन्यात, मार्तंडरावांचं गुलाबपाणी बंद होऊनही मऊ. दाबला तर बोट रुतत होतं, आणि कडेने हिरवट ठिपके उमटले होते.

म्हणजे आई निर्दोष. पाणी खालून नव्हतं, दारातून नव्हतं. ते वरून येत होतं, दादासाहेबांकडून. आणि तेव्हा कुठे आधी निसटलेलं तिला सापडलं. ओठ फुटतील इतक्या कोरड्या हवेत केशवची बादली रोज भरते कशी? हवेत नसलेलं पाणी ते यंत्र आणतं कुठून?

कुणीतरी दालनाच्या हवेत पाणी ओततं आहे. कोण, आणि भिंतीतून कसं, एवढंच राहिलं होतं. बैठक दुसऱ्या दिवशी होती.

८

शनिवारी बैठक मनोहररावांच्या कार्यालयात भरली, कारण तीच खोली गार. रोशनीने आईला नको म्हटलं होतं, तरी सिंधूताई आल्या. दालनात जायची मनाई आहे, कार्यालयात जायची कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि खोटेपणाने घरी बसणं त्यांना जमणार नव्हतं. मनोहररावांनी त्यांना कूलरसमोरची खुर्ची दिली. आरोपी असल्या तरी आल्या होत्या उन्हातून.

मार्तंडराव अध्यक्षस्थानी बसले. केशव चहा घेऊन उभा राहिला. मनोहररावांनी ठराव मोठ्याने वाचायला घेतला आणि निष्काळजीपणा या शब्दावर येऊन खोकू लागले. ते थांबेपर्यंत सिंधूताई बोलायला उभ्या राहिल्या.

"साहेब, मले एक सांगायचं हाये," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही खोकला धरला. धड वाक्य नाही, धड श्वास नाही. आठवडाभर घरी चांगली असलेली बाई.

रोशनीने आईला धरलं. आई तीन नंबरच्या दालनात गेलीच नव्हती. मग ही पूड इथे कुठून आली?

तेवढ्यात लाईन गेली.

खोलीत अशी शांतता पसरली, जशी पाहुणा जेवून उठून गेल्यावर पसरते. आतापर्यंत काहीतरी सतत घरघरत होतं, आणि ते घरघरत होतं हे ते थांबल्यावर कळलं. मनोहररावांचं पुढचं वाक्य नेहमीच्या मोठ्या आवाजात आलं आणि त्यांनाच दचकवून गेलं. भिंतीपलीकडे दर्शनाच्या रांगेतून एक बाई म्हणाली, दादासाहेबांची टकटक बंद पडली हो.

रोशनी वळली. सगळ्यांच्या मधोमध, खिडकीत, पाणी ठिबकत तो बसला होता. त्याच्याचसमोर बसून तिने मनोहरराव आणि मार्तंडराव दोघांनाही विचारलं होतं की आसपास पाणी आहे का, आणि दोघांनी खरं मानून नाही सांगितलं होतं. नागपुरात मे महिन्यात कूलर कुणाला दिसत नाही. आकाश दिसतं का कुणाला?

"सर," ती म्हणाली, "या खोलीला खिडक्या किती?"

"एकच. त्यात कूलर आहे."

"आणि दार?"

"दार आम्ही लावूनच घेतो. गारवा निघून जातो, बेटा."

"मग कूलरची हवा जाते कुठे?"

खोलीतल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या खोलीतून हवा बाहेर निघत नाही, तिथे कूलर गारवा देत नाही, नुसती चिकचिक होते. हे विदर्भात लेकरू उभं राहायच्या आधी शिकतं. आणि ही खोली तर इमारतीत सगळ्यात गार होती. हळूहळू सगळ्यांच्या माना वर गेल्या. कपाटाच्या वर, छताखाली, जुन्या बंगल्याचा लोखंडी जाळीचा झरोका होता. कार्यालयाचं आणि तीन नंबरच्या दालनाचं हवापाणी एक ठेवणारा. त्याच्या पलीकडे, बरोबर त्याला झाकून, दादासाहेब टांगलेले होते, किंचित पुढे झुकून. वारा लागला की चौकट भिंतीवर आपटायची: टक, टक, टक.

मनोहररावांनी विचारलं, "कूलर?" एखाद्याने त्यांच्या थोरल्या भावावर आळ घ्यावा तसं.

"याच्या बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या कधी बदलल्या?"

"बदलायच्या कशाला? मी इथे आलो तेव्हापासूनच्या आहेत. जुन्या वाळ्याचा वास नव्याला येत नाही."

तोच गोड वास दर्शनाला आलेल्या सगळ्यांनी घेतला होता. ताट्यांमध्ये वर्षानुवर्षं भिजत पडलेली बुरशी, वाळ्याच्या सुगंधात घोळून, ओल्या वाऱ्यावर बसून झरोक्यातून पलीकडे जात होती. दादासाहेबांच्या पाठीवरून खाली येऊन सिंधूताईंच्या डोक्यावर पडत होती, आणि भिंतीच्या अलीकडे मनोहररावांच्या तोंडावर, जिला ते रस्सा समजत होते.

"पण दाढीच काहून आली?" केशवने विचारलं. "डोक्यावर काहून नाही?"

"हनुवटीला मागून कापड लावलं ते कशानं चिकटवलं होतं?"

केशव चहाच्या ट्रेकडे बघत म्हणाला की मैद्याच्या लईने. स्वतः शिजवली होती, चांगली घट्ट.

मैदा आणि ओल. यावर रोशनीची रोजीरोटी चालत होती.

तिला अजून एकच विचारायचं होतं. "केशवदादा, त्या यंत्राची बादली कुठं ओतता तुम्ही?"

"कूलरमधी," केशव म्हणाला. "अजून कुठं? घरचं पाणी घरात."

रोशनीने बोटाने हवेत एक गोल काढला. कूलर भिंतीपलीकडच्या हवेत पाणी सोडत होता, यंत्र ते पाणी हवेतून काढत होतं, केशव ते यंत्रातून कूलरमध्ये नेत होता. मार्तंडरावांच्या नावाची पितळी पट्टी लागलेलं यंत्र उन्हाळाभर आपल्याच इमारतीचं तेच तेच पाणी गाळत बसलं होतं. गेल्या वर्षी जलबचतीबद्दल संग्रहालयाला मिळालेली ढाल मनोहररावांच्या मागच्या फळीवर होती. तिच्याकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं.

लाईन आली. रोशनीने मार्तंडरावांकडून उदबत्ती मागून घेतली आणि कपाटावर चढून झरोक्यापाशी धरली. धूर जाळीतून सुतासारखा पलीकडे ओढला गेला. टकटक पुन्हा सुरू झाली. भिंतीपलीकडे लोकांनी हात जोडले असावेत.

"म्हणजे माझा पोछा नाही," सिंधूताई म्हणाल्या.

"पोछा मारत होत्या तुम्ही?" मनोहररावांनी विचारलं.

"हो."

मनोहररावांनी हातातला ठराव घडी घालून खिशात ठेवला आणि पुढे तो कुणाला दिसला नाही.

९

कूलर काढायच्या वेळी मनोहररावांनी त्याची बाजूही एकदा ऐकून घ्यावी अशी सूचना केली. ती अनुमोदकाअभावी बारगळली. चौघांनी तो उचलला, ताट्या पोत्यात बांधून वेगळ्या नेल्या, आणि टेम्पो गेटमधून बाहेर पडेपर्यंत मनोहरराव खिडकीच्या भोकातून बघत उभे होते. झरोका बंद झाला. मुंबईच्या यंत्राला पाऊस येईपर्यंत सुट्टी मिळाली. त्याची पितळी पट्टी तेवढी भिंतीवर लावली, म्हणजे देणगी चालू राहिली.

दाढी काढायला एक बाई बाहेरून आल्या, मास्क, हातमोजे आणि धूळ ओढणारा बारीक नळीचा झाडू घेऊन. मार्तंडरावांनी ती बरणीत जपून ठेवायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मागची लई खरवडून हनुवटी नीट शिवली गेली. रावणाचे डाग पुसले गेले, लुगडी वाचली. दर्शनाची रांग एका दिवसात आटली; एका भाविकाने जाताना एवढंच म्हटलं की दादासाहेबांनी शेवटी दाढी केली, म्हणजे सुतक फिटलं असावं. मनोहररावांचा खोकला गेला. त्यांनी रस्सा पुन्हा सुरू केला, आणि तो तितका तिखट नव्हता.

डॉक्टरांनी फोटो बघून हो म्हटल्यावर सिंधूताई परत आल्या. त्यांनी स्टूल पुसलं, रावणाचा गाल निरखला, लुगड्यांची विचारपूस केली आणि खोल श्वास घेतला. तो आत गेला, बाहेर आला, मध्ये कुठे अडला नाही. दाराशी उभ्या रोशनीने तो ऐकला आणि हिंगण्याची बस पकडायला निघाली.

एकच अडचण उरली. दादासाहेबांच्या पायाशी आता वारा नव्हता. कार्यालयातही नव्हता. सिंधूताई आणि मनोहरराव, इमारतीतली सगळ्यात थंड जागा गमावलेली दोन माणसं, दुपारी एकाच टेबलाशी घाम पुसत बसू लागली. मागचं काही बोलणं होत नसे. पण त्यातूनच एके दिवशी एक अर्ज तयार झाला. मजकूर सिंधूताईंचा, भाषा मनोहररावांची, चहा केशवचा. तो रीतसर शिक्का मारून रवाना करण्यात आला:

"प्रति, मा. सक्षम प्राधिकारी, हवामान. विषय: मे महिन्याची बदली करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मे हा महिना नागपूर येथे दीर्घकाळापासून एकाच जागी कार्यरत असून नियमानुसार बदलीस पात्र ठरतो. त्याच्या वर्तनाबाबत वारंवार तोंडी समज देऊनही सुधारणा दिसून आलेली नाही. तरी सदर महिन्याची बदली तात्काळ महाबळेश्वर येथे करण्यात यावी, तेथील मे महिना या कार्यालयात विनाविलंब रुजू करून घेण्यात यावा, आणि सदर महिन्यास येथे कोणत्याही कारणास्तव मुदतवाढ देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."